चवथीचा डबा शेजाऱ्यांनी घेतला नाही. आता नाताळात काय करू?

वाचकाचा प्रश्न: पत्रलेखिकेचे माहेर फोंडा तालुक्यातले, सासर मडगावचे. वय 38, शाळेत शिक्षिका. समोरच्या फ्लॅटमध्ये एक कॅथलिक कुटुंब राहते: आंटी, त्यांचा मुलगा आणि सून. दोन्ही घरांचे जुने जाणे-येणे. चवथीला (गणेश चतुर्थीला) यांचा डबा तिकडे, नाताळात त्यांचे ताट इकडे. मे महिन्यात आंटींचे यजमान वारले. पत्रलेखिका नवऱ्याबरोबर इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, गेल्या. मीस (चर्चमधली उपासना) चालू असताना लोक रांगेने पुढे जाऊ लागले, तेव्हा 'प्रसाद नाकारला असे दिसायला नको' म्हणून त्याही रांगेत उभ्या राहिल्या. पाद्रींनी हळूच काही विचारले, यांनी नकारार्थी मान हलवली आणि सगळ्यांसमोर रिकाम्या हाती परतावे लागले. नंतर घरी भेटायला गेल्यावर चहा पुढे आला. मरणाच्या घरी काही घेत नाहीत म्हणून त्यांनी तो घेतला नाही. मरणानंतरचे महिन्याचे मीस नेमके वटपौर्णिमेला आले. सासूबाई म्हणाल्या, 'आज तिकडे नको', म्हणून तेही राहिले. चवथीला नेवऱ्या (करंज्या) आणि पंचखाद्याचा डबा घेऊन गेल्या, तर सुनेने दारातच 'सॉरी, आम्ही घेत नाही' म्हटले. तेव्हापासून जिन्यात भेटल्यावर फक्त हसणे. नवरा म्हणतो, नाताळात त्यांचे ताट आले तर आपणही परत पाठवू. सासूबाई म्हणतात, सून कुठल्याशा प्रार्थनागटात जाते, तिनेच आंटींचे मन फिरवले, 'नाहीतर ती माणसे मूळची आपलीच'. पत्रलेखिका विचारतात: मी कुठे चुकले, आणि नाताळ दीड महिन्यावर आलाय, आता काय करू?

ताई,

तुमच्या पत्रात तीन नकार आहेत. पाद्रींनी तुम्हाला मिसातली भाकर दिली नाही, तुम्ही आंटींचा चहा घेतला नाही, सुनेने तुमचा डबा घेतला नाही. तिन्ही नकारांमागे श्रद्धा आहे आणि तिन्ही वेळा समोरच्याला दुखवायचा हेतू कोणाचाच दिसत नाही. पण तुम्ही पहिल्याला स्वतःची फजिती म्हणता, तिसऱ्याला अपमान म्हणता, आणि मधला नकार तुमच्या हिशेबात धरलेलाच नाही. तिथूनच सुरुवात करावी लागेल. त्याआधी इगर्जीतला प्रसंग मिटवून टाकू, कारण तो तुमच्या मनात उगाच मोठा झालाय.

देवळात प्रसाद सगळ्यांना असतो. कोण आला, कुठल्या धर्माचा, अंघोळ करून आला की नाही, हे पुजारी सहसा विचारत नाही, आणि ओंजळ पुढे न करणे हा उद्धटपणा ठरतो. मिसातली भाकर याच्या अगदी उलट आहे. कॅथलिक श्रद्धेनुसार ती त्या क्षणी ख्रिस्ताचे शरीर असते. बाप्तिस्मा झालेल्या आणि पहिला कम्युनियन, म्हणजे ही भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी, झालेल्या कॅथलिकालाच ती दिली जाते. त्यानेही निदान 1 तास आधीपासून पाणी आणि औषधाखेरीज काही तोंडात टाकलेले नसावे, आणि गंभीर पाप मनात असेल तर आधी कुमसार, म्हणजे पापनिवेदन, केलेले असावे. चर्चच्या कायद्यात (कॅनन 844) इतर ख्रिस्ती पंथीयांनाही ती द्यायची मुभा अगदी मोजक्या प्रसंगी आहे. त्यामुळे पाद्रींनी तुम्हाला विचारले ते तुम्ही हिंदू दिसलात म्हणून हाकलण्यासाठी नव्हते. न विचारता दिली असती तर ती त्यांची चूक ठरली असती. तिथल्या बाकांवर बसलेले काही कॅथलिकही त्या दिवशी पुढे गेले नसतील, हे तुमच्या लक्षात आले नसावे. बसून राहणे तिथे कोणालाच खटकत नाही. तुम्ही रांगेत गेलात हे लोक संध्याकाळपर्यंत विसरले असतील; आंटींना तर त्या दिवशी कोण कुठल्या रांगेत होते याचे भान असण्याची शक्यताच कमी.

पुढच्या वेळेसाठी, आणि इतर वाचकांसाठीही, नेमके सांगते. मरणाच्या मिसाला जाताना चपला काढायच्या नसतात. पुरुषांनी टोपी मात्र काढावी. पांढरा, काळा, करडा, गडद निळा असा कुठलाही साधा रंग चालतो. लालभडक आणि जरीचे टाळावे. लोक उभे राहिले की उभे राहावे, बसले की बसावे. गुडघे टेकायची सक्ती नाही, तेवढा वेळ शांत बसून राहिले तरी चालते. क्रूसाची खूण करू नये. न मानता केलेली खूण आदरापेक्षा नक्कल वाटते. मिसाच्या उत्तरार्धात रांग लागते, तेव्हा बाकावरून सरकून शेजारच्यांना वाट द्यावी आणि परत बसावे. बाकाच्या कडेला बसलात तर फक्त उठून बाजूला व्हावे लागते, म्हणून कडेची जागा सोयीची. चुकून भाकर हातात आलीच तर ती तिथल्या तिथे परत द्यावी. पर्समध्ये, रुमालात किंवा 'घरी देवापुढे ठेवू' म्हणून पिशवीत मुळीच नेऊ नये. कॅथलिक माणसाला याहून मोठी विटंबना सुचणार नाही, आणि तुमचा भाव कितीही चांगला असला तरी त्याचा उपयोग होणार नाही.

आता चहा.

आपल्याकडे मरणाच्या घरी काही खात-पीत नाहीत, निघताना 'येते' म्हणत नाहीत, घरी आल्यावर अंघोळ करतात. त्या घरात सुतक असते, चूल पेटलेली नसते, त्या माणसांना आपल्यासाठी उठायला लावायचे नसते. म्हणजे कप न घेणे ही आपली रीत आहे आणि ती रीत त्या घराला जपते. कॅथलिक समजुतीत मरणाचा विटाळ नसतो. तिथे दुखवटा असतो. तो माणसाच्या आठवणीचा आणि त्याच्या आत्म्यासाठी करायच्या प्रार्थनेचा. आलेल्याला चहा-कॉफी, दोन बिस्किटे देणे हा त्या घराने आभार मानण्याचा मार्ग असतो. तुम्ही कप नाकारलात तेव्हा आंटींना 'ही आमच्या दुःखाचा मान राखतेय' असे ऐकू आले असेल, की 'ही आमच्या घरचे पाणी घेत नाही' असे?

दुसरे ऐकू येण्याला गोव्यात कारण आहे. कोणाच्या घरचे पाणी चालते आणि कोणाच्या घरचे नाही, यावर इथे पिढ्यान्पिढ्या माणसांची किंमत ठरली. धर्म बदलला तरी जात सुटली नाही, हे आंटींच्या पिढीला पुस्तक वाचून कळलेले नाही. त्यामुळे हिंदू शेजारणीने न घेतलेला चहाचा कप त्यांच्याकडे नुसता कप म्हणून पोचत नाही. तुम्ही वर्षानुवर्षे त्यांच्याकडे काही ना काही खाल्लेले असेल, तर हा अर्थ त्यांनी लावलाही नसेल. पण सुनेकडे तो जुना हिशेब नाही. तिने पाहिला तो एवढाच प्रसंग.

असे सांगून मी तुम्हाला सुतक मोडायला सांगत नाही. घरात ज्येष्ठ माणूस असताना ते तुमच्या एकटीच्या हातात नसते, आणि प्रत्येक रीत दुसऱ्याच्या सोयीसाठी सोडून द्यायची हे काही शहाणपण नव्हे. पण न बोलता नाकारणे आणि एक वाक्य बोलून नाकारणे यांत फार फरक पडतो. 'आंटी, आमच्यात अशा वेळी त्या घरच्यांना त्रास द्यायचा नसतो म्हणून मी आज घेत नाही; महिन्यानंतर मी स्वतःहून चहा मागायला येईन.' एवढे म्हटले असते तर कप परत गेला असता, तुम्ही परत गेला नसता. आणि मग महिन्यानंतर खरेच जायचे. तिथे तुमची दुसरी गोष्ट राहिली.

महिन्याच्या मिसाला न जाणे, हा माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात जड भाग आहे आणि तुम्ही त्याला एक ओळ दिली आहे. मरणाच्या दिवशी अख्खी इमारत येते, ऑफिस येते, वाड्यावरचे येतात. सातव्या दिवसाच्या आणि महिन्याच्या मिसाला गर्दी ओसरलेली असते. कोण आले हे घरच्यांच्या लक्षात राहते. शिवाय जिवंत माणसांच्या प्रार्थनेने मेलेल्याच्या आत्म्याला मदत होते, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. आपण बाराव्या-तेराव्याला जातो ते घरच्यांसाठी. महिन्याच्या मिसाला गेलेला माणूस त्यांच्या दृष्टीने गेलेल्या माणसासाठीही आलेला असतो. सासूबाईंनी 'आज नको' म्हटले कारण वटपौर्णिमा म्हणजे नवऱ्याच्या आयुष्यासाठी धरलेला उपास, आणि त्याच दिवशी विधवेच्या घरच्या मरणविधीला जायचे. त्यांच्या मनातला धसका खरा आहे, मी त्याला हसणार नाही. पण आंटींच्या बाजूने पाहा. तुम्ही आला नाहीत, आणि का आला नाहीत हे त्यांना कोणी सांगितले नाही. खरे कारण सांगितले असते तर ते कदाचित अजूनच लागले असते, हेही मला दिसते. अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन 'काल येता आले नाही, आज तुमच्याजवळ बसायला आले' एवढे पुरे असते. कारण देऊ नये, भेट द्यावी.

आता डब्याकडे येऊ. सुनेचे वाक्य तुम्हाला इतके का लागले, याचे एक कारण तुमच्या बाजूचे आहे. सत्यनारायणाची कथा आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावते आणि त्याची नौका अदृश्य होते. तुंगध्वज राजा गवळ्यांनी दिलेला प्रसाद टाकून जातो आणि सर्वस्वाला मुकतो. प्रसाद नाकारणे म्हणजे देवाला नाकारणे आणि घरावर अरिष्ट ओढवणे, हे आपल्याला शिकवावे लागत नाही, ते मुरलेले असते. म्हणून दारात परत आलेला डबा नुसत्या नेवऱ्यांचा राहिला नाही.

सुनेच्या बाजूने मात्र निदान तीन शक्यता आहेत, आणि तुमच्या घरात फक्त एकीवर चर्चा झालेली दिसते.

पहिली, वर्षाचा दुखवटा. मे महिन्यात घरातला कर्ता माणूस गेला. गोव्यातल्या बऱ्याच कॅथलिक घरांत त्यानंतर वर्षभर सण नाही, गोड नाही, लग्नकार्याला जाणे नाही. बायका काळे किंवा फिके कपडे घालतात. आपल्याकडेही घरात मरण झाले की त्या वर्षी सण करत नाहीत. 'आम्ही घेत नाही' याचा अर्थ 'यंदा घेत नाही' असू शकतो. तरुण माणसे दारात घाईने बोलतात, अर्धे वाक्य तोंडातच राहते. ही शक्यता तुम्हाला सुचलीच नाही याचे मला नवल वाटले, कारण चवथीच्या चारच महिने आधी तुम्ही त्याच घरी मरणाला गेला होता.

दुसरी, सद्‌सद्विवेकाचा प्रश्न. मूर्तीला दाखवलेला नैवेद्य ख्रिस्ती माणसाने खावा का, हा वाद ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, 8व्या आणि 10व्या अध्यायात, त्याची चर्चा आहे. तिचा गोषवारा असा: अन्नाने माणूस देवाजवळ जात नाही की दूर जात नाही, कोणी जेवायला बोलावले तर पुढे येईल ते खा, चौकशी करत बसू नका, पण 'हे देवाला दाखवलेले आहे' असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्यासाठी आणि ज्यांचा विवेक डळमळेल त्यांच्यासाठी खाऊ नका. याच ओळींचा अर्थ आंटी एक लावतील आणि सून दुसरा लावेल, आणि दोघीही प्रामाणिक कॅथलिक असतील. गोव्यात आंटींच्या वयाच्या कितीतरी बायका शेजारचा प्रसाद हातात घेतात, कपाळाला लावत नाहीत, खातात किंवा बाजूला ठेवतात, बोलत काही नाहीत. नव्या पिढीतल्या काहींना असे गप्प राहणे खोटेपणाचे वाटते, म्हणून त्या तोंडावर सांगतात. तुम्हाला पहिली पद्धत गोड वाटते. पण दुसरीत तुमच्याशी खरे बोलले जाते, हेही धरा.

तिसरी, ती तुमच्यावर नाराज आहे. चहा आणि महिन्याचे मीस, दोन्ही तिने पाहिले. तसे असेल तर डबा हे निमित्त.

यातली कुठली खरी हे तुम्हाला मला विचारून कळणार नाही. प्रार्थनागटाची शंका मात्र बाजूला ठेवा. त्या गटात ती जात असेलही. पण 'कोणीतरी तिचे डोके फिरवले' असे म्हटले की तिच्याशी बोलायची गरजच उरत नाही, म्हणून ती शंका इतकी सोयीची असते.

आणि सासूबाईंचे ते वाक्य, 'मूळची आपलीच'. ते प्रेमाने म्हटले जाते, मला ठाऊक आहे, आणि हिंदू घरांत ते फार चालते. आंटींच्या कानांनी ऐका. त्यांच्या घराण्याने चारशे-साडेचारशे वर्षे जो धर्म पाळला, ज्यात त्यांचे यजमान नुकतेच पुरले गेले, तो म्हणजे मध्येच झालेली एक चूक, असे त्या वाक्यात येते. इतिहास नाकारायचा नाही. तुमच्या माहेरच्या फोंडा तालुक्यातली मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा ही दैवते पोर्तुगीज राजवटीत, 1560 च्या दशकात, कुशस्थळी आणि केळशीहून, म्हणजे आजच्या मुरगाव तालुक्यातून, जुवारी नदी ओलांडून आली. मडगावचा दामोदर जांबावलीला गेला. मागे राहिलेल्यांवर 1560 पासून 1812 पर्यंत, मधली चार वर्षे सोडता, इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, नजर होती. 1736 च्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांना दारात तुळस लावायची, मिठाशिवाय भात शिजवायची, लग्नात ओव्या म्हणायची मनाई केली. काय शिजले आणि कसे शिजले यावरून माणसाची निष्ठा तपासली जायची, तीही सरकारदरबारी. सून 1736 आठवून डबा नाकारत नाही, हे उघड आहे. पण जेवणाच्या ताटात धर्म शोधायची सवय या भूमीत दोन्ही बाजूंना लागली ती अशी, आणि ती अजून गेलेली नाही. म्हणूनच हे वाक्य आंटींपुढे, सुनेपुढे, मुलांपुढे नको.

तरीही गोव्यात माणसे एकमेकांच्या देवाकडे गेलीच. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला (सणाला) हिंदू तेल घेऊन जातात, कारण ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानली जाते. जुन्या गोव्याला 3 डिसेंबरला गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला जाणाऱ्यांत हिंदू कमी नसतात. कुंकळ्ळीच्या सांत्र्यांच्या, म्हणजे छत्र्यांच्या, उत्सवात, फातर्प्याच्या देवीच्या मान-पानात, गावातले ख्रिस्ती सहभागी होतात. इथे एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे: म्हापशाला तेल वाहणारी हिंदू बाई कम्युनियनच्या रांगेत उभी राहत नाही, आणि कुंकळ्ळीचा ख्रिस्ती माणूस छत्र्यांच्या वाटेवर थांबतो तो घरी जाऊन देवीची पूजा मांडण्यासाठी नव्हे. आपापल्या रीतीने हजर राहायचे, दुसऱ्याचे घेतलेच पाहिजे असे नाही. तुमच्या दोन घरांचे नाते बहुतेक डब्यावर आणि ताटावर चालले, आणि नेमके अन्नालाच दोन्ही धर्मांत नियम आहेत. मी तुमच्या जागी असते तर नाते हजेरीवर जास्त आणि डब्यावर कमी ठेवले असते.

आता काय करायचे ते.

आधी आंटींकडे जा, एकट्या, रिकाम्या हाताने. डबा, फुले, फळे काही नको. हातात काही असले की ते घ्यायचे की नाही हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. रविवारची सकाळ टाळा, मिसाची वेळ असते. संध्याकाळी तेर्साची, म्हणजे जपमाळेची, वेळ टाळा. बऱ्याच घरांत ती सात-साडेसातच्या सुमारास असते. शनिवारी चार वाजता जा. चहा आला तर प्या, मागूनच घ्या. तुमच्या सुतकाच्या रीतीप्रमाणेही ते दिवस कधीच संपले. मग सरळ म्हणा, तुम्ही घरात कोंकणी बोलता तसे: 'आंटी, अंकलाच्या म्हयन्याच्या मिसाक हांव येवंक शकलें ना, म्हाका वायट दिसता.' त्यापुढे वटपौर्णिमा, सासूबाई, उपास काही सांगत बसू नका. इगर्जीतल्या रांगेबद्दल बोलावेसे वाटले तर बोला: मला माहीत नव्हते, पुढच्या वेळी बसून राहीन. बहुधा त्या हसतील.

सुनेशी वेगळे बोला, आंटींच्या समोर नको. सासूसमोर तिला आपली बाजू मांडता येणार नाही, आणि त्यांच्या घरात या विषयावर एकमत नसेल तर तुमच्यामुळे भांडण लागेल. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. तिथे विचारलेला साधा प्रश्नही जाब वाटतो. जिन्यात, पार्किंगमध्ये, मुलांना शाळेतून आणताना, जिथे दोन मिनिटे उभे राहता येते तिथे बोला. 'तुम्ही का घेतले नाही' असे विचारले की तिला बचाव करावा लागेल. पुढच्या वर्षाचे विचारा: 'चवथीला मी डबा आणला तेव्हा तुम्हाला अवघडल्यासारखे झाले असेल. पुढच्या वर्षी कसे करू? देवाला न दाखवलेले वेगळे आणले तर चालेल, की काहीच नको? दोन्ही मला चालेल.' शेवटचे वाक्य खरे असेल तरच म्हणा.

ती 'यंदा दुखवटा आहे' म्हणाली तर प्रश्न संपला. 'देवाला दाखवलेले नको' म्हणाली तर थोडी व्यवस्था लागेल, कारण नैवेद्य दाखवायच्या आधी त्याच घाण्यातल्या नेवऱ्या बाहेर काढणे तुमच्या सासूबाईंना चालणार नाही. तेव्हा चवथ संपल्यावर, विसर्जनानंतर दोन-चार दिवसांनी पंधरा-वीस नेवऱ्या वेगळ्या तळा आणि तसे स्पष्ट सांगून द्या. नैवेद्यातलेच काढून 'हे वेगळे आहे' असे सांगू नका. कळत कोणाला नाही, पण त्या घरात तुमच्या शब्दावर तोंडात घातले जाणार आहे. 'काहीच नको' म्हणाली तर ठीक आहे म्हणा आणि ते पाळा. आंटींना एकट्याने गाठून गुपचूप डबा देणे हा मार्ग मोहाचा आहे, पण त्याने सासू-सुनेत तुम्ही पाचर माराल. आणि ती मनातली नाराजी बोलली, चहाचे किंवा मिसाचे, तर मध्ये स्पष्टीकरण न देता पूर्ण ऐकून घ्या.

नाताळाबद्दल तुमच्या घरात जो वाद चालला आहे तो बहुधा होणारच नाही. दुखवट्याच्या वर्षात गोड करत नाहीत, म्हणून यंदा त्यांचे ताट येण्याची शक्यता कमी आहे. दारात चांदणी लागणार नाही, ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचा गोठा कदाचित नसेल. ताट आले नाही तर तो चवथीचा सूड नाही, हे यजमानांना आत्ताच सांगून ठेवा. उलट तुम्ही मात्र जा. 25 तारखेला सकाळी मिसानंतर घरी गर्दी असते, म्हणून संध्याकाळी जा. 'मेरी ख्रिसमस' मोठ्याने म्हणायची गरज नाही, रंगीत कागदातली भेट नको, केक नको. शेजारी बसा, अंकलांबद्दल बोला. आपल्याकडे सणाच्या दिवशी गेलेल्याचे नाव काढत नाहीत. तिथे ते काढलेले आवडते.

ताट आलेच, तर ते दोन्ही हातांनी घ्या. परत पाठवणे मला मुळीच मान्य नाही: सुनेने श्रद्धेने नाकारले असेल, आणि तुमचे यजमान हिशेबाने नाकारणार. सासूबाई अंडे खात नसतील तर ताटातले ओळखता आले पाहिजे. बेबिंका, बोलिन्यास, बाथ आणि केक यांत अंडे असते. प्लम केकमध्ये बहुधा रमही. दोदोलात तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा गूळ. दोसात चण्याची डाळ, खोबरे, साखर. पेराद म्हणजे पेरू आणि साखर. या तिघांत अंडे नसते. नेवऱ्यांतही सहसा नसते. कुलकुलांत कधी असते, कधी नसते, विचारून घ्या. जे चालत नाही ते घरातल्या दुसऱ्यांनी खावे. कामवालीला देऊन टाकायचे असेल तर त्याच इमारतीतल्या कामवालीला नको, दुपारपर्यंत बातमी समोरच्या दारात पोचलेली असते. ताट रिकामे परत करत नाहीत हे दोन्ही घरांत सारखेच आहे. यंदा त्यात गोड न घालता नारळ आणि केळी ठेवा, देवापुढची नव्हेत, बाजारातून आणलेली.

मुले विचारतील. 'त्यांना आपला देव आवडत नाही का?' असे एखादे तरी विचारतेच. 'त्यांच्यात काही जण दुसऱ्या देवाला दाखवलेले खात नाहीत, जशी आजी उपासाला भात खात नाही' एवढे उत्तर सहा वर्षांच्या मुलाला पुरते.

तुम्ही शिक्षिका आहात आणि स्टाफरूममध्येही असे प्रसंग येत असणार, शिवाय अशी पत्रे इतरांचीही येतात, म्हणून थोडे भराभर. गुड फ्रायडेला शुभेच्छा देत नाहीत, तो मरणाचा दिवस आहे. 2 नोव्हेंबरलाही नाही, त्या दिवशी कबरींवर फुले-मेणबत्त्या लावतात. मोहरमच्या आशुरालाही 'हॅपी' म्हणू नये. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या कोरेज्मात, म्हणजे उपवासकाळात, कॅथलिक सहकाऱ्याच्या निरोपाची पार्टी ठेवू नका, शुक्रवारी तर मांसाहार नकोच. शुक्रवारी साडेबारा ते दोन मुसलमान सहकाऱ्यांची बैठक लावू नका. मुसलमान घरी रम घातलेला केक पाठवू नका. डुकराचे मांस ज्या भांड्यात शिजते त्याच भांड्यातला भाजीपाला 'शाकाहारी आहे' म्हणून पुढे करू नका. बकरीदचे मटण शेजाऱ्याने पाठवले तर तो कुर्बानीतला वाटून द्यायचा भाग असतो. चालत नसेल तर आधीच, ईदच्या दोन दिवस आधी, 'आमच्याकडे या दिवसांत मांसाहार नाही, मी शीरखुर्मा खायला रमझान ईदला येते' असे सांगता येते. दारात सांगण्यापेक्षा दोन दिवस आधी सांगितलेला नकार हलका असतो, आणि सुनेशीही तुम्ही आता तेच ठरवणार आहात.

मे महिन्यात वर्षाचे मीस असेल. त्याची तारीख आणि वेळ आंटींना एप्रिलमध्येच विचारा. मीस शक्यतो संध्याकाळचे असते, साधारण पाऊण-एक तास चालते. शाळेचे काही काम असेल तर रजा आधी टाकून ठेवा. सासूबाईंना पंचांग पाहायचे असेल तर तेही आत्ताच पाहून ठेवू द्या, म्हणजे त्या सकाळी 'आज नको' निघणार नाही. बाकाच्या कडेला बसा.